चापडा: बस्तरच्या लाल मुंग्यांची चटणी, झाडापासून पाट्यापर्यंत

वेंगुर्ल्याला आमच्या परड्यातल्या रायवळ आंब्यावर चढायचं म्हणजे आधी हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, बघायचे. पानं एकमेकांना चिकटवून केलेला गुंडाळा दिसला की ती फांदी सोडून द्यायची. एकदा माझा हात नेमका घरट्यावर पडला. मनगटापासून कोपरापर्यंत हुमले डसले, आजीने खोबरेल चोळलं, आणि तरी रात्रीपर्यंत त्या हाताला एक आंबट, नाकात शिरणारा वास येत राहिला. पुढे कितीतरी वर्षांनी तोच वास छत्तीसगडमधल्या बस्तर भागात, जगदलपूरच्या बाजारात एका पानाच्या द्रोणातून आला आणि माझे पाय तिथेच थांबले. द्रोणात हुमलेच होते, आणि त्यांची पांढरी पिल्लं. विकणारी बाई म्हणाली, चटणीसाठी.

तेव्हा मी नोकरीनिमित्त गडचिरोलीत राहायचे. त्यानंतर बस्तरला जितक्या वेळा गेले तितक्या वेळा चापडा खाल्ला. जगदलपूरजवळच्या एका गावातल्या दीदींकडे बसून तो वाटायलाही शिकले. या चटणीविषयी नेटवर बहुतेक ठिकाणी ‘धाडस असेल तर खाऊन बघा’ अशा थाटात लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. कोकणात कोकम, देशावर चिंच, तसा बस्तरच्या पठारावर चापडा. तो जेवणातला आंबट पदार्थ आहे. तो कशाबरोबर खातात आणि त्याची आंबटी कशी टिकवतात, एवढं समजलं की चटणी साधते.

मुंगी कोणती

शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मॅराग्डिना. मराठीत विणकर मुंगी म्हणतात आणि ते अगदी खरं आहे. कामकरी मुंग्या रांग धरून दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने कडा शिवतात. सगळं रेशीम घरट्यात खर्च होत असल्यामुळे या जातीच्या पिल्लांना कोश नसतो. ती उघडी, मऊ, पांढरीशुभ्र असतात. खाण्याच्या दृष्टीने हे सोयीचं, कारण वाटताना कोशाची चिवट सालं मध्ये येत नाहीत.

ही मुंगी नांगी मारत नाही. जबड्याने चावते आणि पोटाच्या टोकातून चाव्यावर आम्ल सोडते. ते फॉर्मिक आम्ल, आणि चटणीची आंबटी त्याचीच. जॉन रे या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने सतराव्या शतकात मेलेल्या मुंग्यांच्या ढिगातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात, त्यावरून आम्लाचं नाव पडलं. एक गोष्ट मात्र आत्ताच ध्यानात ठेवा. हे आम्ल उडून जाणारं आहे. चिंचेचं आम्ल तासभर उकळलं तरी रश्शात राहतं, मुंगीचं राहत नाही. पुढच्या सगळ्या कृतीचं कारण हे एकच आहे.

बस्तरमध्ये हिला आणि हिच्या चटणीला चापडा म्हणतात, छत्तीसगडच्या मैदानी भागात मुंगीला माटा, झारखंडमध्ये देमता, ओडिशाच्या मयूरभंजात काई. आपल्या गडचिरोलीतले माडिया आदिवासीही ही मुंगी आवडीने खातात, त्यामुळे महाराष्ट्राला हा पदार्थ परका नाही.

पठार आणि त्याचं ताट

रायपूरहून बसने निघालात तर केशकाल घाटाची वळणं चढल्यावर हवा बदलते. जगदलपूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. सालाची जंगलं, मधूनमधून मोह, चिंच, आंबा, आणि खाचरात भात. इंद्रावती इथून चित्रकोटला कोसळते आणि पुढे गडचिरोलीची सीमा होऊन सिरोंचाकडे गोदावरीला मिळते. बाजारात हलबी बोली ऐकू येते आणि मराठी कानाला ती अर्धीअधिक कळते. इंग्रजी अमदानीतल्या ग्रियर्सन या भाषाशास्त्रज्ञाच्या सर्वेक्षणात हलबी मराठीच्याच खंडात घातली होती. पावसाळ्यात आपल्याकडे गडचिरोलीत बांबूच्या कोंबांना वास्ते म्हणतात, तिथे बास्ता. नदी ओलांडली की एवढाच फरक.

या पठारावरचं रोजचं खाणं म्हणजे पेज. तांदळाच्या कण्यांची, किंवा नाचणीचं पीठ घातलेली मंडिया पेज. सकाळी शेतावर जाताना ती तुंब्यात, म्हणजे वाळवलेल्या दुधीभोपळ्याच्या भांड्यात भरून नेतात. उन्हातही ती गार राहते. पेज पातळ, मऊ, जवळजवळ अळणी. तिच्यासोबत तिखट, खारट, आंबट असं काहीतरी बोटभर लागतंच. कधी सुक्सी, म्हणजे सुकी मासळी. पाऊस लागताच सालाखाली उगवणारं बोडा नावाचं भूछत्र भाजीला. आणि घरटी हाताशी असतील तेव्हा चापडा. भेर्ली माडाची ताडी, जिला तिथे सल्फी म्हणतात, किंवा लांदा ही तांदळाची दारू समोर असेल तर चापडा तोंडी लावण्यालाही येतो. पण मला विचाराल तर त्याची खरी जोडी पेजेशीच.

बाजारातून घेताना

पहिल्यांदा करत असाल तर झाडावर जाऊ नका, आठवडी बाजारात जा. थंडी ओसरल्यावर आणि उन्हाळ्यात माल भरपूर असतो. जगदलपूरच्या आसपास आठवड्यात कुठे ना कुठे हाट भरतोच. सकाळी लवकर पोचा, बायका माल घेऊन उजाडताच येतात. चापडा पानांच्या द्रोणात, वाट्यावर विकतात.

बघायचं ते हे. मुंग्या हलत असाव्यात. सगळ्या निपचित, काळपट आणि एकमेकींना चिकटलेल्या असतील तर माल कालचा आहे. पिल्लं दुधाळ पांढरी असावीत. पिवळी पडून त्यांना पाणी सुटलं असेल तर घेऊ नका. द्रोण नाकाजवळ आणला की लिंबाची साल चुरडल्यासारखा झणका आला पाहिजे. आंबूस, कुजकट वास आला तर तो मुंगीचा नव्हे, खराब झालेल्या पिल्लांचा. मुंग्या आणि पिल्लं यांचं प्रमाणही बघा. मुंग्या जास्त असतील तर चटणी कडक आंबट, पिल्लं जास्त असतील तर ती लोण्यासारखी मऊ, किंचित गोडसर होते. मला दोन भाग मुंग्या आणि एक भाग पिल्लं आवडतं.

आणि विकणाऱ्या बाईला विचारा, घरटं कोणत्या झाडावरचं. ती सांगेल. सालावरचं, आंब्यावरचं, जांभळावरचं. फवारणी होणाऱ्या बागेतल्या मुंग्या घेऊ नयेत. कोकणातल्या वाचकांना हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या हापूसच्या आणि काजूच्या बागांत हुमले भरपूर, आणि औषधांची फवारणीही भरपूर.

झाडावरून काढताना

दीदींचा भाऊ घरटी काढायचा तेव्हा मी तीन वेळा सोबत होते. पहाटे, ऊन तापायच्या आधी, कारण गारव्यात मुंग्या मंद असतात. हाताला चुलीतली राख चोळलेली, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. एकाने झाडावर चढायचं, खाली दुसऱ्याने जुनी साडी चौपदरी करून धरायची. कोयत्याने घरट्यामागची डहाळी एकाच घावात तोडायची आणि घरटं न फोडता सरळ साडीत टाकायचं. साडीची चारी टोकं लगेच आवळायची आणि दोनदा जोरात झटकायची. आतून मूठभर पावसासारखा आवाज येतो.

एवढी घाई का, हे मी दीदींना विचारलं. त्या म्हणाल्या, “चिडू द्यायचं नाही बाई. चिडली की सगळी आंबटी तिथेच फेकून देते, आपल्या पाट्यावर नुसतं साल येतं.” मुंगी हल्ला करताना आम्ल फवारते, हे लक्षात घेतलं तर त्यांचं बोलणं तंतोतंत बरोबर आहे.

त्या झाडावर सात घरटी होती. भावाने खालची दोन काढली आणि उतरला. मी वर बोट दाखवलं तर त्याने मान हलवली. या मुंग्यांची एक वसाहत अनेक घरट्यांत, कधी शेजारच्या झाडांवरही पसरलेली असते, आणि राणी बहुधा एकच. तिचं घरटं सहसा वर शेंड्याकडे असतं. ते तोडलं की झाड कायमचं रिकामं. म्हणून शेंड्याला हात लावायचा नाही, एका झाडावरची एक-तृतीयांशापेक्षा जास्त घरटी घ्यायची नाहीत आणि तेच झाड त्याच हंगामात पुन्हा धरायचं नाही. झाडालाही या मुंग्या हव्या असतात. चीनमध्ये संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत कीड खाण्यासाठी हीच मुंगी विकत आणून सोडायचे, आणि त्याच्या नोंदी दीड हजार वर्षांपेक्षा जुन्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजू आणि आंब्याच्या बागांत तिचा असाच उपयोग अभ्यासला गेला आहे.

कांगेर खोऱ्यासारख्या राष्ट्रीय उद्यानात किंवा व्याघ्र प्रकल्पात पाहुण्याने काहीही काढू नये. गावच्या रानातही गावातलं माणूस सोबत असल्याशिवाय नाही. त्या झाडांवर कुणाची ना कुणाची नजर आणि हक्क असतो.

निवडणं

घरी आणल्यावर माल मारायचा आणि साफ करायचा. गावात गाठोडं तसंच थोडा वेळ कडक उन्हात ठेवतात आणि थेट पाट्याकडे नेतात. शहरातल्या घरात सगळ्यात सोपा आणि मुंगीला कमी त्रासाचा उपाय म्हणजे पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती २ ते ३ तास फ्रीजरमध्ये ठेवणं. मुंग्या आधी सुस्तावतात, मग मरतात, आणि आम्ल पोटातच राहतं.

मग सुपात घ्या आणि हलक्या हाताने पाखडा. पानांचे तुकडे आणि रेशमाचे पांढरे पापुद्रे उडून जातील. राहिलेलं हाताने निवडा. इथे चालढकल करू नका. रेशमाचा पापुद्रा वाटला जात नाही, दातात दोऱ्यासारखा अडकतो. धुवायचंच असेल तर गाळणीत घेऊन वरून गार पाणी एकदाच ओता आणि लगेच फडक्यावर पसरा. भिजत ठेवू नका.

वाटणं

माझ्या काट्यावर दोन द्रोणांचा निवडलेला माल १०० ग्रॅम भरला. तेवढ्याला मी घेते ते असं: लसणाच्या ८-१० पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, ६ तिखट हिरव्या मिरच्या किंवा तेवढ्याच सुक्या लाल, एक चमचा जाडं मीठ, मूठभर कोथिंबीर. पाणी अजिबात नाही. टोमॅटो काहीजण घालतात, पण मला तो नको वाटतो, त्याची आंबटी चापड्याची धार बोथट करते.

पाटा कोरडा हवा. आधी मीठ, मिरची आणि लसूण. हे तिन्ही जाडसर वाटून पाट्यावर ओलसर गोळा झाला की आलं घाला. कोथिंबीर त्यानंतर. आता मुंग्या, पण सगळ्या एकदम नाहीत. एक मूठ घ्यायची, वरवंटा आधी दाबायचा आणि मग ओढायचा. पहिल्या दाबाला कटकट असा बारीक आवाज येतो आणि त्याच क्षणी वाफेसारखं काहीतरी नाकाडोळ्यांत जातं. मी पहिल्यांदा वाटलं तेव्हा तोंड पाट्यावर झुकवून बसले होते. खोकला आवरेना. दीदींनी माझी मान हाताने मागे केली आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसवलं. तसंच बसा. घरात असाल तर खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा.

पहिली मूठ मसाल्यात मिसळली की दुसरी. पिल्लं शेवटी, कारण ती क्षणात फुटतात आणि पाटा बुळबुळीत करतात. आधी घातली तर वरवंटा नुसता घसरतो आणि मुंग्या अख्ख्या राहतात. एकूण १०-१२ मिनिटं पुरतात. फार मऊ करू नका. चटणी जाडसर, भिजवलेल्या विटेच्या रंगाची, आणि जिभेवर बारीक तिळासारखी लागली पाहिजे.

मिक्सर चालतो का? चालतो, पण लहान भांड्यात, थांबून थांबून, तीन-चार झटके. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि आम्ल झाकण उघडताच तोंडावर येतं, म्हणजे चटणीतून गेलं. खलबत्ता त्यापेक्षा बरा.

लगेच चाखू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात मीठ मुरतं आणि लसणाचा उग्रपणा बसतो. मग बोटभर घ्या. आधी लिंबासारखी चटका देणारी आंबटी, तिच्या मागून मिरची, आणि सगळ्यात शेवटी पिल्लांचा स्निग्धपणा. आंबटी कमी वाटली तर लिंबू पिळू नका. त्याचा अर्थ एवढाच की मुंग्या शिळ्या होत्या किंवा चिडलेल्या होत्या. पुढच्या वेळी माल बघून घ्या.

कच्च्या मालाची शंका येत असेल तर निवडलेल्या मुंग्या कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर मिनिटभर परता आणि मग वाटा. आंबटी बरीच उतरेल, वर भाजक्या तिळासारखा खमंग वास चढेल. चव वाईट नाही लागत, पण ती दुसरीच चटणी झाली.

पेज

चापडा एकटा करू नका, पेज हवीच. रात्री ४ मोठे चमचे नाचणीचं पीठ २ वाट्या पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी ते किंचित आंबलेलं असेल. आपण आंबिलीसाठी करतो तसंच. अर्धी वाटी तांदळाच्या कण्या दीड लिटर पाण्यात मऊ शिजवा, मग पीठ ढवळत ढवळत त्यात सोडा आणि १०-१२ मिनिटं मंद आचेवर ठेवा. मीठ नाही, किंवा अगदी चिमूट. पूर्ण गार होऊ द्या. पेज गरम प्यायची नसते. घोट घ्यायचा, बोटाने चापडा चाटायचा, पुन्हा घोट. एका माणसाला दोन चमचे चटणी पुष्कळ होते.

भाकरीबरोबरही मी खाल्ला आहे, तांदळाच्या भाकरीबरोबर विशेष. गरम भातावर मात्र घालू नका. कारण वर सांगितलंच आहे, ऊब लागली की आंबटी उडते.

मयूरभंजची काई

बस्तरहून बरंच दूर, ओडिशाच्या ईशान्य टोकाला सिमिलिपालचे डोंगर आहेत. तिथले संथाल, हो, भूमिज, बाथुडी हे आदिवासी याच मुंगीची काई चटणी करतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘सिमिलिपाल काई चटणी’ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि डोंगरातल्या बायकांच्या पाट्यावरची ही गोष्ट सरकारी नोंदवहीत आली याचा मला मनापासून आनंद झाला. तिथे घरटी आधी पाण्याच्या बादलीत बुडवून मुंग्या आणि पानं वेगळी करायची रीत आहे. बाकी आलं, लसूण, मिरची, मीठ हेच. लाओस आणि थायलंडच्या ईशान्य भागात मात्र मुंगीपेक्षा पिल्लांना मान. तिथे उन्हाळ्यात भावी राण्यांच्या टपोऱ्या अळ्या बाजारात येतात आणि त्या कोशिंबिरीत किंवा सारात घालतात.

खाण्याआधी

कोळंबी, खेकडा किंवा चिंबोरी खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं त्यांनी चापडा खाऊ नये. कवचधारी जलचर आणि कीटक यांच्यात सारखी प्रथिनं असतात, त्यामुळे तीच ॲलर्जी इथेही उठू शकते. मुंगी चावून ज्यांना कधी श्वासाचा त्रास झाला आहे त्यांनीही नाही. पहिल्या वेळी बाकी सगळ्यांनी अर्धा चमचाच घ्यावा, तोही रिकाम्या पोटी नको.

तापावर, सर्दीवर चापडा देतात, हे तुम्हाला बस्तरमध्ये प्रत्येक घरात सांगतील. नाक मोकळं होतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका. २०२१ साली लाल मुंग्यांची चटणी कोविडवर उपचार म्हणून वापरावी अशी मागणी ओडिशातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि न्यायालयाने ती नाकारली. प्रथिनं आणि चव, एवढ्यासाठी खाल्ला तरी चापड्याचा मान कमी होत नाही.

उरलेली चटणी काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. अॅल्युमिनियम आणि कल्हई उडालेलं पितळ नको, आंबटाने भांडं कळकतं. तीन दिवस ठीक, चौथ्या दिवशी पिल्लांच्या चरबीला वास येऊ लागतो. न वाटलेला, निवडलेला माल फ्रीजरमध्ये महिनाभर राहिला तरी माझ्या अनुभवात चांगला वाटला जातो. फक्त पाट्यावर घेताना तो वितळू देऊ नका, कडक असतानाच दाबा.

आणि पाटा लगेच धुवा, गार पाण्याने आणि काथ्याने घासून. दीदी धुतल्यावर त्यावर मूठभर कोरडे तांदूळ वाटतात, ते पीठ दगडाच्या भोकांतलं उरलंसुरलं टिपून घेतं. तो तांदूळ त्या फेकत नाहीत. किंचित आंबट, लालसर झालेला तो चुरा दुसऱ्या दिवशीच्या पेजेत जातो.